सोवळ्याचा रंग

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की आपल्याहून फार मोठी अशी एखादी शक्ती त्याला स्पर्श करते आणि त्यानंतर तो माणूस पूर्वीचा राहत नाही. माझ्या आयुष्यात तो क्षण आला तेव्हा मी बाहेर काढून ठेवलेल्या नव्या चपलांची काळजी करत होतो.

कृष्णाकाठच्या त्या मठात मला माझ्या सासऱ्यांनी नेलं होतं. नेलं होतं म्हणजे, त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "यांना घेऊन ये," आणि रिक्षात बसताना समोरच्या आरशाकडे बघून म्हणाले, "निघू या." नाना माझ्याशी थेट बोलत नसत. "यांना विचार, चहा घेणार का," "यांना सांग, पंखा बंद करा," असा आमचा सगळा व्यवहार मृदुलामार्फत चाले. दिवाळसणाला कधीतरी काहीतरी झालं होतं. काय, ते मला आठवत नव्हतं आणि नानांना विसरता येत नव्हतं.

रांग सरकली. समोर महाराज बसले होते. मी हात जोडले आणि वाकलो. कपाळ त्यांच्या पायांना टेकायच्या आत माझ्या मानेतून एक वीज निघाली, पाठीच्या कण्यातून सरळ खाली उतरली आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांतून बाहेर पडली.

"आई गं!" मी ओरडलो. टाळ थांबले.

"काय झालं?" मागून नानांनी विचारलं. मला. थेट.

"करंट बसला."

महाराज "हं" म्हणाले आणि माझ्या मागच्या बाईंकडे बघू लागले.

परतीच्या रिक्षात नानांनी मृदुलाला कडेला बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी बसले.

"करंट कुठून कुठे गेला?"

"मानेतून खाली."

"परत वर आला?"

"नाही."

"म्हणजे अर्थिंग झालं," नाना म्हणाले. "श्रीपादराव, मी सगळी सर्व्हिस वीज मंडळात काढली. साधा करंट कसा असतो ते मला माहीत आहे. साधा करंट माणसाला फेकून देतो. तुम्ही जागच्या जागी उभे राहिलात. हा तो करंट नव्हे."

"मग कुठला?"

"महाराज 'हं' म्हणाले, ऐकलंत ना? ते सगळ्यांना 'हं' म्हणत नाहीत."

माझ्या पुढच्या दोघांना आणि मागच्या बाईंना ते 'हं'च म्हणाले होते, पण इतक्या वर्षांनी थेट बोलू लागलेल्या सासऱ्याला पहिल्याच दिवशी खोडून काढणं बरं दिसलं नसतं.

त्या आठवड्यात सासरच्या घरून पुरणपोळ्या आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात मठातले दोघे जण मला बघायला आले. चहा पिऊन जाताना त्यातल्या एकाने माझ्या पायांना हात लावला. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. माझ्या पायांना तोवर फक्त परीक्षेच्या आधी हात लागत.

मी मात्र घरात एकटा असताना थोडं संशोधन केलं. बुटाची नाडी बांधायला वाकलो. करंट आला. बेसिनवर तोंड धुवायला वाकलो, आला. गॅसचा सिलिंडर बदलताना रेग्युलेटरकडे मान झुकवली, तेव्हा तर मठातल्यापेक्षा सणसणीत आला. सिलिंडर 'हं' म्हणाला नाही एवढाच फरक.

हे मी नानांना सांगितलं नाही. मृदुलाला सांगितलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मठापासून."

"आणि सारखे पाय चोळत असता ते? मुंग्या?"

"त्या त्याआधीपासून."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

मुंग्यांचं मी मनावर घेतलं नव्हतं. पण एका सकाळी मी कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर चढून गेलो, मागणी आणि पुरवठ्याचा आलेख काढला, आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची चप्पल खाली जिन्यात आहे." डाव्या पायातली चप्पल गेली होती आणि पायाला पत्ता नव्हता.

नानांना ही बातमी कळली तेव्हा ते गंभीर झाले. "देहाचं भान सुटायला लागलं," ते म्हणाले.

"चप्पल सुटली, नाना," मृदुला म्हणाली. "मी यांना डॉक्टरकडे नेतेय."

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मानेचा मणका झिजलाय म्हणून पट्टा दिला आणि ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. पट्टा लावल्यावर मान वाकेना, मान वाकेना म्हणून करंट येईना. नाना रोज संध्याकाळी येऊन तो पट्टा नापसंतीने बघत. एकदा मृदुला स्वयंपाकघरात आहे असं बघून हळूच म्हणाले, "रात्री तरी काढून ठेवत जा. वाट अडते."

मठाचा वार्षिक उत्सव महिन्यावर आला होता. त्यात मी दहा मिनिटं बोलायचं असं नानांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं. विषय 'मला आलेली प्रचिती.' पण पट्टा लावूनही उजवा पाय जड पडू लागला आणि शर्टाची बटणं लावायला मला मृदुलाची मदत लागू लागली, तेव्हा गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही. कोल्हापूरला मगदूम म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आहेत."

"मीही येतो," नाना म्हणाले.

"तुम्ही कशाला, नाना?"

"डॉक्टर लोकांना या गोष्टी समजत नाहीत. कोणीतरी सांगायला हवं."

डॉक्टर मगदूम पन्नाशीचे, बुटके, अत्यंत सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझी चाल बघितली, डोळे मिटून उभं केलं, गुडघ्यांवर हातोडी मारली, तळपायावर किल्लीने रेघ ओढली. मग एक कंपनाचा काटा वाजवून माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"थरथर थांबली की सांगा."

"थांबली."

त्यांनी तो काटा उचलून नानांच्या मनगटाच्या हाडाला लावला. नाना दचकले. काटा अजून चांगला थरथरत होता.

"अजून काय होतं?"

"मान वाकवली की करंट येतो."

"वाकवा."

मी मान वाकवली.

"आला?"

"आला."

"डॉक्टर," नाना पुढे सरकले, "हा करंट पहिल्यांदा आला तो एका विशिष्ट ठिकाणी आला. ते मी तुम्हाला सांगतो."

"सांगा की," डॉक्टर म्हणाले, आणि नानांनी मठापासून 'हं'पर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "याला नाव आहे. एका फ्रेंच माणसाचं."

नाना जरा सावरून बसले. "फ्रेंच? कुठल्या परंपरेतले?"

"न्यूरॉलॉजीच्या."

एमआरआय झाला. त्या बोगद्यात मला बराच वेळ न हलता झोपवलं होतं आणि कोणीतरी बाहेरून पत्र्याची शेड ठोकत असल्यासारखा आवाज येत होता. डझनभर नळ्या भरून रक्त घेतलं. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, संधिवाताचे प्रकार, गुप्तरोगसुद्धा. ते शेवटचं नाव कागदावर वाचून नानांनी माझ्याकडे नव्याने बघितलं.

"सगळं बघावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "ज्याचं सोंग दुसरे दहा आजार आणतात तो आजार शोधायचा असला, की आधी त्या दहांना घरी पाठवायचं."

सगळे दहा घरी गेले. चार दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली.

"मानेच्या मज्जारज्जूत हा डाग. ताजा आहे, कॉन्ट्रास्टचं औषध टोचल्यावर उजळलाय. मेंदूत आणखी दोन-तीन आहेत, पण ते बारके, मला खात्री देत नाहीत." मग ते नानांकडे वळले. "तुम्ही वीज मंडळात होता ना? मग तुम्हाला लगेच कळेल. मज्जातंतू म्हणजे वायर. तिच्यावर आवरण असतं. शरीराची जी फौज जंतूंशी लढते, ती काही जणांत चुकून या आवरणावरच तुटून पडते."

"म्हणजे इन्शुलेशन जातं," नाना म्हणाले.

"अगदी."

"आणि अशी उघडी वायर वाकवली, की तिथे..." नानांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी फिल्मवरच्या पांढऱ्या डागाकडे बघितलं, मग माझ्या मानेकडे, आणि मग टेबलावरच्या पेपरवेटकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे बरं होतं?" मृदुलाने विचारलं.

"हा झटका स्टेरॉइडने ओसरेल. प्रश्न तो नाही. असा झटका काहींना जन्मात एकदा येतो आणि संपतं. काहींना तो पुन्हापुन्हा येतो, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. त्याची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, महाग आहेत, ताप आणतात, पण पुढचे झटके कमी करतात. आजार नसताना ती टोचायची नाहीत आणि असताना थांबायचं नाही. थांबलो आणि पुढचा झटका पायांवर आला, तर हे काठीवर येतील, नाहीतर खुर्चीवर."

मृदुलाने माझा हात धरला. नानांसमोर तिने तो पहिल्यांदाच धरला होता.

"मग ठरवायचं कसं?" मी विचारलं.

"याची एकच अशी तपासणी नाही. दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या ठिकाणी घाव झालेला दिसावा लागतो. चोर एकच, पण घरं दोन आणि रात्री दोन. एक घर सापडलंय. आठवून सांगा, याआधी कधी काही? हात बधिर? तोल? लघवी अडणं? एकाला दोन दिसणं?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही," मृदुला म्हणाली.

"डोळा? एका डोळ्याला धूसर, डोळा फिरवताना दुखतंय, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर जास्तच अंधुक, असं काही दिवस? रंग फिके दिसणं? विशेषतः लाल. लाल रंग विटका दिसतो अशा लोकांना."

"आठवत नाही," मी म्हणालो.

डॉक्टर लिहू लागले. तेवढ्यात नाना खाकरले.

"पाडवा," ते म्हणाले.

"काय?"

"दिवाळीचा पाडवा. चार वर्षं झाली. आमच्या घरी."

"नाना, आत्ता ते कशाला?" मृदुला म्हणाली.

"डॉक्टरांनी विचारलंय." नाना ताठ बसले. "डॉक्टर, यांना मी दिवाळसणाला रेशमी सोवळं घेतलं होतं. लाल. ओवाळून झालं, मी स्वतः यांच्या हातात दिलं. दहा माणसं बसली होती, माझे व्याही होते. यांनी घडी उलगडली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि काय म्हणाले माहीत आहे?"

"काय?"

"'याचा रंग गेलाय का हो?'"

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच वाटत होतं.

डॉक्टरांनी पेन उचललं. "एका डोळ्याने बघितलं होतं का?"

"उजवा चोळत होते. पहाटे अभ्यंगस्नान झालं, त्यात उटणं डोळ्यात गेलं म्हणत होते. पाणी कढत होतं. हिच्या आईने गुलाबपाणी घातलं, काही उपयोग नाही."

"किती दिवस चाललं?"

"कार्तिकी एकादशी होऊन गेली तरी चालू होतं. येईल त्याला सांगायचे, सासऱ्याचं उटणं भेसळीचं निघालं." नानांनी श्वास घेतला. "उटणंही मीच आणलं होतं."

"वाचायला त्रास? डोळा हलवला की दुखायचा?"

"मान वळवून बघायचे, डोळा वळवायचे नाहीत. मला वाटलं, माझ्याकडे बघायचं नाही म्हणून."

डॉक्टर मगदूम हे सगळं सावकाश लिहून घेत होते. नानांच्या तक्रारीची इतक्या आदराने कोणी नोंद घेतल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाने ती ऐकायचं नाकारलं होतं, आणि इथे एक एमडी, डीएम माणूस विचारत होता, "तारीख सांगाल?" नानांनी तिथीसकट सांगितली.

डॉक्टरांनी खिशातल्या पेनचं लाल टोपण काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "डावा झाका. आता उजवा झाका. दोन्हींनी सारखंच लाल दिसतंय?"

मी दोनदा बघितलं. "उजव्याने जरा... धुतल्यासारखं."

"आता आपण डोळ्यालाच विचारू."

डोळ्याला विचारण्याची तपासणी अशी होती, की माझ्या डोक्याला तारा चिकटवून मला टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या, सारख्या अदलाबदल करत होत्या. डोळ्याने बघितलेलं मेंदूला कधी पोचतं ते मशीन मोजत होतं. डाव्या डोळ्याची बातमी वेळेवर पोचली. उजव्याची उशिरा पोचली. आवरण गेलेल्या वायरीसारखी. मग पाठीत सुई घालून कण्यातलं पाणी काढलं, त्यातही जे सापडायला नको ते सापडलं.

"दुसरं घर मिळालं," डॉक्टर म्हणाले. "मल्टिपल स्क्लेरोसिस. झटका संपला, की इंजेक्शनं सुरू करायची. वेळेत आलात." मग नानांकडे बघून म्हणाले, "तुमच्यामुळे."

मला स्टेरॉइडच्या बाटल्यांसाठी ॲडमिट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मृदुला औषधं आणायला खाली गेली होती. नाना पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. बाटलीतल्या थेंबांकडे बघत होते.

"म्हणजे सोवळ्याला तुम्ही नाव ठेवलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, नाना."

"डोळा होता."

"डोळा होता."

"आणि उटणं?"

"तेही चांगलं असणार."

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला. "मी चार वर्षं तुम्हाला पाण्यात बघत होतो, श्रीपादराव. आजारी माणसाला." मी हात पुढे केला, पण त्यात सुई होती. त्यांनी माझं कोपर धरलं आणि धरून ठेवलं.

"ते सोवळं मी जपून ठेवलंय," जरा वेळाने ते म्हणाले. "तुम्ही परत केलंत तसंच. डोळा सुधारला की तुम्हाला दाखवीन. बघालच कसं लालभडक आहे."

"आणि उत्सवातलं भाषण?"

"ते मी महाराजांना सांगून आलोय. म्हटलं, जावयाची वायर उघडी पडली होती, प्रचिती नव्हती."

"काय म्हणाले?"

"हं," नाना म्हणाले.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. इंजेक्शनं घेतली, त्यांचे ताप काढले, आता गोळी मिळते. दोन झटके आणखी येऊन गेले. मी काठी वापरतो आणि वर्ग बसून घेतो. खुर्ची अजून लागलेली नाही. डॉक्टर मगदूम म्हणतात, वेळेत सुरुवात झाली ते महत्त्वाचं. नाना शेवटपर्यंत माझ्याशी थेट बोलत राहिले, इतके, की कधीकधी मृदुलामार्फतचे दिवस आठवत. दर पाडव्याला मी म्हणायचो, "नाना, ते सोवळं दाखवा की." ते म्हणायचे, "बघू, पुढच्या वर्षी."

नाना मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धानंतर सासूबाईंनी त्यांचं कपाट उघडलं. सगळ्यात खाली मलमलीत गुंडाळलेलं, डांबराच्या गोळ्या घातलेलं सोवळं होतं. मृदुलाने ते उलगडून खिडकीशी धरलं. मी डावा डोळा झाकून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. चांगल्या डोळ्यानेसुद्धा विटकंच दिसत होतं.

"इतकी वर्षं पडून रंग उडाला असेल," मी म्हणालो.

"पडून नाही उडाला," सासूबाई म्हणाल्या. "दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेलं होतं, म्हणून यांना निम्म्या किमतीत मिळालं होतं."